शोध निसर्गाचा, औषध रसायनशास्त्राचे

वैद्यकाचे २०२४ सालचे नोबेल पारितोषिक व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस व गॅरी रव्हकन ह्या अमेरिकी शास्त्रज्ञांना सूक्ष्म आरएनएच्या शोधाबद्दल देण्यात आले. त्याआधी २००६ साली अँड्र्यू फायर व क्रेग मेलो ह्यांना ह्याच क्षेत्रातील दुसऱ्या शोधासाठी हा बहुमान लाभला होता. चौघांचेही काम एकाच क्षुद्र प्राण्यावर झाले होते. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा आणि मातीत आढळणारा एक सूत्रकृमी, हा तो प्राणी. जनुकांच्या कामावर सजीव सृष्टी कसे नियंत्रण ठेवते, याचा एक सर्वस्वी अनपेक्षित मार्ग ह्या कृमीने दाखवून दिला, आणि त्या मार्गाने निघालेली औषधे आज रुग्णांच्या शरीरात जात आहेत. पारितोषिकांचा मान शोधाला मिळाला हे योग्यच झाले. परंतु फायर व मेलो ह्यांचा निबंध १९९८ सालचा आणि त्यावर आधारलेले पहिले औषध २०१८ सालचे. मधली वीस वर्षे कोठे गेली, आणि ती वाट अखेरीस कोणी तुडवली, ह्या प्रश्नाची चर्चा मात्र क्वचितच होते. ती वाट तुडवली रसायनशास्त्राने. ज्या देशाने औषधी रसायनशास्त्राच्या बळावरच जगात नाव मिळवले, त्या आपल्या देशाने तरी ही गोष्ट नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

निरोप अडवण्याची युक्ती

पेशीच्या केंद्रकात डीएनए असते व त्यात प्रथिने बनवण्याच्या सूचना असतात, हे आता शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. ह्या सूचना केंद्रकाबाहेर पोचवण्याचे काम संदेशवाहक आरएनए करते. मूळ दप्तर कचेरीतच राहते आणि त्याची एक नक्कल कारखान्याकडे जाते, तसाच हा व्यवहार. कित्येक रोगांत एखादे प्रथिन सदोष असते किंवा नको तितके तयार होते. पूर्वापार चालत आलेली बहुतेक औषधे तयार झालेल्या प्रथिनालाच जाऊन चिकटतात व त्याचे काम बंद पाडतात. परंतु कारखान्याकडे निघालेली नक्कलच वाटेत फाडून टाकली, तर ते प्रथिन मुळात तयारच होणार नाही. मूळ दप्तराला धक्का न लावता हे साधता येते, हे ह्या पद्धतीचे मर्म आहे.

ही युक्ती माणसाने शोधून काढली नाही. निसर्ग ती कोट्यवधी वर्षे वापरीत आला आहे. १९९० साली अमेरिकेत रिचर्ड जॉर्गेन्सन व त्यांचे सहकारी पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग अधिक गडद व्हावा म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत झाडात घालीत होते. फुले गडद होण्याऐवजी काही चक्क पांढरी उमलली! घातलेल्या जनुकाने स्वतःसकट मूळ जनुकालाही गप्प केले होते. ह्या कोड्याचा उलगडा फायर व मेलो ह्यांनी केला. दुपदरी आरएनए पेशीत शिरले, की पेशी त्याचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांशी जुळणारा प्रत्येक निरोप शोधून नष्ट करते. एकेका तुकड्याची लांबी सुमारे एकवीस मण्यांची. हे मणी म्हणजे न्यूक्लिओटाइडे. २००१ साली जर्मनीत टॉमस टुशल ह्यांच्या गटाने प्रयोगशाळेत बनवलेले असे छोटे तुकडे मानवी पेशींतही तेच काम करतात, हे दाखवले. ज्या जनुकाची अक्षरे ठाऊक आहेत, त्याला गप्प करणारा तुकडा आता कागदावर लिहून काढता येऊ लागला. औषध शोधण्याची जुनी खटपट संपली, असा घोष त्या काळी झाला. कंपन्या निघाल्या, भांडवल वाहू लागले.

नाजूक रेणूची दैना

उत्साहाचा हा पूर लवकरच ओसरला. कारण साधे होते. आरएनए हा रेणू मुळात टिकण्यासाठी घडलेलाच नाही. निरोप्याचे काम झाले की त्याने नाहीसे व्हावे, अशीच निसर्गाची व्यवस्था आहे. त्याच्या प्रत्येक मण्यातील शर्करेवर, दुसऱ्या कर्बाणूपाशी, ऑक्सिजन व हायड्रोजनची एक जोडी असते. तीच उलटून साखळीच्या कण्यावर हल्ला करते व साखळी तुटते. शिवाय रक्तात आरएनए तोडणारी विकरे सदैव टपलेली असतात. त्यांच्या तावडीतून जे काही सुटते, ते मूत्रपिंडे काही मिनिटांत बाहेर टाकतात. त्यातूनही जे उरते, त्याच्या अंगावरील ऋण विद्युतभारामुळे पेशीचे मेदयुक्त आवरण त्याला आत येऊ देत नाही. आणि सर्वांत मोठी आपत्ती म्हणजे बाहेरून आलेले दुपदरी आरएनए पाहून शरीराला विषाणूची शंका येते व प्रतिकारयंत्रणा खवळते.

ह्याचे प्रत्यंतर लवकरच आले. वृद्धांच्या डोळ्यांतील पडद्याच्या विकारावर असे आरएनए थेट डोळ्यात टोचण्याच्या मानवी चाचण्या २००४ साली सुरू झाल्या. पुढे २००८ साली उंदरांवरील प्रयोगांतून असे दिसले, की अपेक्षित जनुकाशी काडीचाही संबंध नसलेले आरएनए टोचले, तरी तोच परिणाम होतो! गुण येत होता तो जनुक गप्प झाल्यामुळे नव्हे, तर प्रतिकारयंत्रणा जागी झाल्यामुळे. २००९ साली ह्या मालिकेतील प्रमुख औषधाची शेवटच्या टप्प्यातील चाचणी थांबवावी लागली. २०१० साली रोश ह्या बलाढ्य स्विस कंपनीने हे संशोधनच गुंडाळले. शोध खरा होता आणि नोबेलही मिळाले होते. परंतु औषध मात्र कोठेच दिसत नव्हते.

एका अणूचे मोल

ह्या अडचणीतून मार्ग निघाला तो कोणत्याही एका चमत्काराने नव्हे, तर चिकाटीने केलेल्या लहान लहान फेरफारांनी. जर्मनीतील फ्रिट्झ एक्स्टाइन ह्यांनी १९६०च्या दशकातच आरएनएच्या कण्यातील एका ऑक्सिजनच्या जागी गंधकाचा अणू बसवण्याची रीत शोधून ठेवली होती. असे जोड विकरांना सहजासहजी तोडता येत नाहीत. शर्करेवरील त्या उपद्रवी जोडीच्या जागी फ्लोरीनचा अणू किंवा मेथिलयुक्त गट बसवला, की साखळी आपल्याच अंगावर उलटत नाही. मेथिल गटाचा आणखी एक लाभ असा, की आपल्या स्वतःच्या पेशींतील आरएनएवर अशा खुणा ठिकठिकाणी असतातच. त्यामुळे ती खूण पाहून प्रतिकारयंत्रणेचा पहारेकरी शांत राहतो. मात्र असे फेरफार सरसकट करून चालत नाही. निरोप तोडणाऱ्या प्रथिनाच्या खोबणीत तो तुकडा नेमका बसला पाहिजे. म्हणून कोणत्या मण्यावर फ्लोरीन, कोणत्यावर मेथिल आणि गंधक कोठे, ह्याचा शोध शेकडो रेणू बनवून व तपासून घ्यावा लागला.

राहिला प्रश्न योग्य पेशीत पोचण्याचा. २०१८ साली मंजूर झालेले पॅटिसिरान हे पहिले औषध मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळून दर तीन आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागे. त्याहून सुटसुटीत उपाय एका जुन्या व वरवर निरुपयोगी वाटणाऱ्या निरीक्षणात दडलेला होता. अमेरिकेत गिल्बर्ट अ‍ॅशवेल व अनातोल मॉरेल ह्यांना १९६०च्या दशकाच्या अखेरीस असे आढळले होते, की रक्तातील काही प्रथिनांच्या टोकाची आम्लधर्मी शर्करा काढून टाकली, की ती प्रथिने झपाट्याने यकृतात ओढली जातात. यकृताच्या पेशींवर आतील शर्करा ओळखणारे लक्षावधी ग्राही असतात, असे पुढे निष्पन्न झाले. त्यांना रुचणारी अशीच एक शर्करा तीन-तीनच्या झुबक्यात आरएनएच्या टोकाला जोडली, आणि औषध आपोआप यकृताच्या पत्त्यावर जाऊ लागले. कातडीखाली साधे इंजेक्शन पुरेसे झाले. गुप्त निरोपावर पत्ता लिहिण्याचीच ही कला म्हणावयाची!

ह्या रासायनिक फेरफारांचे मोल किती, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. ट्रान्सथायरेटिन नावाचे प्रथिन बिघडले, की मज्जातंतूंत व हृदयात त्याची पुटे साचत जातात. त्या प्रथिनाविरुद्ध अल्नायलम कंपनीने प्रथम रेव्हुसिरान हे औषध तयार केले. त्याची मात्रा होती दर आठवड्याला ५०० मिलिग्रॅम. चाचणीत औषध घेणाऱ्यांच्या गटात मृत्यूंचे प्रमाण अधिक दिसल्याने २०१६ साली ते सोडून द्यावे लागले. पुढे त्याच जनुकाविरुद्ध, तीच शर्करा जोडून, परंतु सुधारलेल्या रासायनिक घडणीचे व्हुट्रिसिरान आले व २०२२ साली मंजूर झाले. त्याची मात्रा तीन महिन्यांतून एकदा अवघे २५ मिलिग्रॅम! तीन महिन्यांच्या तेरा आठवड्यांचा हिशेब केला, तर जेथे साडेसहा हजार मिलिग्रॅम लागत होते, तेथे पंचवीस पुरू लागले. जीवशास्त्राचे तत्त्व दोन्ही औषधांत एकच आहे. फरक आहे तो काही अणूंच्या जागांचा. शोध आणि औषध ह्यांमधील अंतर म्हणतात ते हेच.

सहामाही इंजेक्शन

आरंभीची औषधे विरळ आनुवंशिक रोगांसाठी होती, त्यामुळे सामान्य वाचकाला हा विषय दूरचा वाटणे साहजिक आहे. परंतु इन्क्लिसिरानने तो एकदम आपल्या दाराशी आणून ठेवला आहे. पीसीएसके-९ नावाचे प्रथिन रक्तातील घातक कोलेस्टेरॉल काढून टाकण्याच्या यकृताच्या कामात अडथळा आणते. काही कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांत हे जनुक जन्मतःच निकामी असते. टेक्सासमधील हेलन हॉब्ज व जोनाथन कोहेन ह्यांनी २००६ साली दाखवले, की अशा लोकांत ते कोलेस्टेरॉल सरासरी २८ टक्क्यांनी, तर हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी असतो. निसर्गानेच केलेला हा प्रयोग होय. इन्क्लिसिरान औषधाद्वारे तेच साधू पाहते. पहिल्या मात्रेनंतर तीन महिन्यांनी दुसरी, आणि पुढे वर्षातून दोनदा २८४ मिलिग्रॅमचे इंजेक्शन; एवढ्यावर घातक कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्याने उतरते. युरोपात २०२० साली व अमेरिकेत २०२१ साली त्याला मंजुरी मिळाली आणि ते भारतातही आले आहे.

रोजची गोळी विसरणाऱ्या, किंवा बरे वाटू लागले की ती परस्पर बंद करणाऱ्या रुग्णांचा हा देश आहे. अशा ठिकाणी सहा महिन्यांतून एकदा आरोग्य केंद्रात टोचून घेण्याचे औषध किती मोलाचे ठरेल, हे सांगावयास नको. तथापि दोन गोष्टींचे भान ठेवले पाहिजे. पहिली अशी, की इन्क्लिसिरानला मंजुरी मिळाली ती कोलेस्टेरॉल उतरण्याच्या पुराव्यावर. झटके व मृत्यू किती टळतात, हे मोजणाऱ्या मोठ्या चाचण्या मंजुरीच्या वेळी पुऱ्या झालेल्या नव्हत्या. उलट स्टॅटिनच्या गोळ्यांमागे अनेक दशकांचा तसा पुरावा उभा आहे आणि त्या आपल्याकडे स्वस्तही आहेत. नव्याच्या मोहाने जुने टाकणे म्हणजे हातचे सोडून पळत्यापाठी लागणे होय. दुसरी गोष्ट अशी, की दीर्घकाळ टिकणारा परिणाम ही दुधारी तलवार आहे. गोळी सोसली नाही तर ती उद्या बंद करता येते. महिनोन् महिने टिकणारे इंजेक्शन एकदा टोचले की ते परत काढून घेता येत नाही. हिमोफिलियावरील फिटुसिरान ह्या औषधाच्या चाचणीत २०१७ साली एका रुग्णाचा मेंदूत रक्ताची गाठ होऊन मृत्यू झाला. चाचण्या थांबवून मात्रांची फेरआखणी करावी लागली आणि २०२५ साली ते मंजूर झाले. सावधगिरीने विलंब होतो हे खरे, परंतु ह्या औषधांच्या बाबतीत तो विलंब सोसलाच पाहिजे.

खरा अडथळा मात्र किमतीचा आहे. पॅटिसिरानची अमेरिकेतील जाहीर किंमत वर्षाला साडेचार लाख डॉलर होती. इन्क्लिसिरानची आरंभीची किंमत एका मात्रेला ३,२५० डॉलर. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०२१ साली नोव्हार्टिसशी घाऊक खरेदीचा करार करून तीन वर्षांत तीन लाख रुग्णांना इन्क्लिसिरान देण्याचा संकल्प सोडला. सरकारने एकगठ्ठा खरेदी करून किंमत उतरवावी हा विचार स्तुत्यच होता. पण कुटुंबवैद्यांच्या संघटनांनी पुराव्याविषयी व कामाच्या बोजाविषयी शंका घेतल्या आणि योजनेचा वेग अपेक्षेपेक्षा बराच मंदावला. पैसा आणि औषध दोन्ही असून भागत नाही. औषध देणाऱ्याचा विश्वासही मिळवावा लागतो, हा त्यातील धडा आहे.

आपली तयारी कोठे आहे?

भारताच्या १९७० सालच्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी नाकारली आणि केवळ कृतीवर पेटंट देण्याचे धोरण स्वीकारले. आपल्या रसायनतज्ज्ञांनी नव्या कृती शोधल्या, औषधे स्वस्त केली, आणि गरीब देशांना त्यांचा पुरवठा केला. २००५ पासून पदार्थावरील पेटंट पुन्हा आले, तरी कायद्यात लोकहिताला जागा उरली आहे. पाठीच्या कण्यातील मज्जापेशी झिजवणाऱ्या बालरोगावरील रिस्डिप्लाम ह्या औषधाची देशी आवृत्ती विकण्यास मनाई करण्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली नाकारले, हे त्याचे ताजे उदाहरण. त्याच रोगावर नुसिनर्सेन हे आरएनएशी जुळणारे कृत्रिम साखळीचे औषधही आहे. २०१६ साली ते बाजारात आले, तेव्हा त्याच्या एका मात्रेची किंमत सव्वा लाख डॉलर होती. रिस्डिप्लाम हा लहान रेणू आहे व तोंडाने घ्यावयाचा आहे. तो बनवण्याची विद्या आपल्या कंपन्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. न्यायालयाने वाट मोकळी केल्याबरोबर माल बाजारात येऊ शकतो तो त्यामुळेच. उद्या इन्क्लिसिरानची वाट मोकळी झाली, तर तसेच घडेल काय? कायदा दार उघडू शकतो. आत पाऊल टाकण्याचे बळ पायांतच असावे लागते.

हे बळ सहज येणारे नाही. एकवीस मण्यांची साखळी गुंफावयाची तर वीस जोड द्यावे लागतात. प्रत्येक जोड ९९ टक्के साधला, तर अखेरीस सुमारे ८२ टक्के साखळ्या पूर्ण होतात. ९५ टक्केच साधला, तर फक्त ३६ टक्के. शाळेच्या गणिताने कोणालाही पडताळता येईल असा हा हिशेब आहे. उरलेल्या अपुऱ्या साखळ्या वेगळ्या करणे हे आणखी निराळे कौशल्य. शिवाय इन्क्लिसिरान एका रुग्णाला वर्षाकाठी अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक लागते. दहा लाख रुग्णांना ते द्यावयाचे, तर वर्षाला साडेपाचशे किलोहून अधिक शुद्ध औषध तयार करावे लागेल. एवढा माल काढणारे कारखाने पेटंटची मुदत संपल्यावर उभारावयास घेतले, तर आणखी एक दशक हातचे गेलेच म्हणून समजावे. ह्या रेणूंवरील पेटंटांचे अर्ज मुख्यतः २०१०च्या दशकातले आहेत. म्हणजे त्यांच्या वीस वर्षांच्या मुदती २०३०च्या दशकात संपू लागतील. तयारीची वेळ आताच आहे.

ही विद्या आपल्याला परकी आहे असेही नाही. न्यूक्लिइक अम्लांच्या साखळ्या प्रयोगशाळेत गुंफण्याच्या शास्त्राचे एक आद्य शिल्पकार हरगोविंद खुराना हे होते. १९४९ साली ते मायदेशी परतले तेव्हा त्यांना येथे योग्य नोकरी मिळाली नाही, आणि ते केंब्रिजला निघून गेले. १९६८ साली त्यांना नोबेल मिळाले ते अमेरिकेचे नागरिक म्हणून. त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकलेल्या मार्व्हिन कॅरुथर्स ह्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी जी जुळणीची रीत सिद्ध केली, तिच्यावरच आज ही सारी औषधे बनतात. अल्नायलममधील रासायनिक कामाचे नेतृत्व करणारे मुथय्या मनोहरन हेही मूळचे तामिळनाडूचे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्ण गणेश व वैजयंती कुमार ह्यांनी न्यूक्लिइक अम्लांच्या कृत्रिम प्रतिरूपांवर दीर्घकाळ काम केले. पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीने बनवलेल्या संदेशवाहक आरएनएच्या लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. बीज आहे, मातीही आहे; अभाव आहे तो सातत्याने पाणी घालण्याचा.

त्यासाठी तीन गोष्टी व्हावयास हव्यात. विद्यापीठांच्या पदव्युत्तर रसायनशास्त्रात न्यूक्लिइक अम्लांचे रसायन हा शेवटच्या प्रकरणातील ऐच्छिक विषय न राहता प्रत्यक्ष हाताने शिकण्याचा विषय झाला पाहिजे. दुसरे असे, की मोठ्या प्रमाणावर साखळ्या बनवून पाहण्याचे एखादे सार्वजनिक केंद्र शासनाने उभारावे. म्हणजे लहान उद्योगांना व विद्यापीठांना तेथे हात बसवता येईल. तिसरी गोष्ट नियमांची. मूळ औषधाशी देशी आवृत्ती तंतोतंत जुळते की नाही, हे ह्या मोठ्या रेणूंच्या बाबतीत कसे तपासावयाचे, ह्याचे स्पष्ट निकष औषध नियंत्रकांनी वेळीच ठरवावेत. तसे न झाल्यास तो वाद न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळेल आणि तोवर रुग्ण ताटकळत राहील.

विज्ञानाचे कौतुक पारितोषिकांच्या दिवशी करावयाचे आणि दुसऱ्या दिवशी विसरावयाचे, ही आपली जुनी खोड आहे. सूत्रकृमी, पेटुनिया व यकृताकडे ओढली जाणारी प्रथिने ह्यांवरील संशोधन तेव्हा कोणाच्याही नफ्याच्या हिशेबात बसणारे नव्हते. त्यातून उभे राहिलेले एक औषध ज्या कंपनीच्या हाती होते, ती नोव्हार्टिसने २०१९ साली ९७० कोटी डॉलर मोजून विकत घेण्याचे ठरवले! विद्येवर वेळीच केलेला खर्च किती पटींनी परत येतो, हे ह्याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही. आपण तो आज केला नाही, तर पुढच्या पिढीला तोच खर्च दुसऱ्यांच्या विद्येची किंमत म्हणून भरावा लागेल, आणि ज्यांच्यापाशी ती किंमत नाही त्यांना औषधाविना राहावे लागेल.